‘एसओएस’ म्हणजे काय, हे रुग्णाच्या घरी कोण सांगणार?

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मेंदूची अवघड शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात. शस्त्रक्रिया किती तास चालली, गाठ केवढी होती, कोणती यंत्रसामग्री वापरली, हे सारे त्यांत सविस्तर असते आणि शेवटी ‘रुग्णाची प्रकृती स्थिर असून त्याला सुटी देण्यात आली’ असे एक वाक्य असते. माझे हे पत्र त्या वाक्याच्या पुढच्या दिवसांविषयी आहे. कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर डोके का दुखते, किती दिवस दुखू शकते, त्यावर कोणते औषध कधी द्यायचे आणि कोणत्या दुखण्याला घरी बसून चालत नाही, हे रुग्णाच्या माणसांना मराठीत, कागदावर लिहून मिळाले पाहिजे. तसे ते न मिळाल्याने काय होते, हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे.

मी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. गेल्या वर्षी जानेवारीत माझ्या पत्नीच्या मेंदूच्या आवरणातून वाढलेली एक गाठ काढण्यात आली. ‘मेनिंजिओमा’ हे त्या गाठीचे नाव. ही गाठ बहुधा साधी असते, कर्करोगाची नसते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळते, असे शल्यचिकित्सकांनी आम्हाला आधीच समजावून सांगितले होते. डाव्या कानशिलाकडून कवटी उघडून त्यांनी ती पूर्ण काढली. हात, पाय, वाचा, दृष्टी, सगळे शाबूत राहिले. त्या कौशल्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. नागपुरातल्या त्या रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझे म्हणणे एका रुग्णालयापुरते नाही.

सुट्टी झाली त्या दिवशी हाती एक इंग्रजी कागद मिळाला. त्यावर सात औषधे होती. फिट येऊ नये म्हणून एक, सूज उतरावी म्हणून एक आणि ती हळूहळू कमी करायची, पोटासाठी एक, असे करत शेवटच्या ओळीवर पॅरासिटामॉलच्या ६५० मिलिग्रॅमच्या गोळीचे नाव आणि त्यापुढे ‘एसओएस’ ही तीन अक्षरे. बाकी सगळ्या औषधांपुढे सकाळ-दुपार-रात्रीचे आकडे होते, हिच्यापुढे नव्हते. एसओएस म्हणजे बुडत्या जहाजाने पाठवायचा संदेश, एवढेच मला ठाऊक होते. तेव्हा ही गोळी अगदी जिवावर बेतल्यावरच द्यायची आहे, असा अर्थ मी काढला आणि तो चार दिवस इमानाने पाळला. रात्री दोन वाजता पत्नी उठून बसायची, भिंतीला पाठ लावून डोके दोन्ही हातांत धरायची आणि हळू आवाजात म्हणायची, “अहो, लय दुखून राहिलं.” मी तिला धीर देत होतो. “अजून थोडं सोस, गोळी शेवटची आहे,” असे म्हणत होतो. पाचव्या दिवशी न राहवून फोन केला तेव्हा पलीकडच्या निवासी डॉक्टरांनी क्षणभर काही न बोलता मग विचारले, “काका, तुम्ही एकही गोळी दिली नाही?” एसओएस हे एका लॅटिन शब्दसमूहाचे लघुरूप असून त्याचा अर्थ केवळ ‘गरज पडल्यास’ असा आहे, आणि पहिल्या आठवड्यात ती गोळी सहा-सहा तासांनी दिली असती तरी चालले असते, हे मला तेव्हा कळले. चार रात्रींचा तो त्रास सर्वस्वी टाळता येण्यासारखा होता.

यात माझा अडाणीपणा आहे, हे मान्य करतो. पण तो माझ्या एकट्याचा नसावा. नागपूरला मेंदूच्या उपचारांसाठी येणारा माणूस केवळ धरमपेठ-मानेवाड्याचा नसतो. मेडिकल, मेयो, सुपर ही इथली सरकारी रुग्णालये, मिहानमधील एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालये यांच्या दारांत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीची माणसे असतात, तशीच बालाघाट, शिवनी आणि छिंदवाड्याचीही असतात. तिथे मराठीही पुरत नाही, हिंदी लागते, आणि गडचिरोलीच्या आतल्या भागातून आलेल्या कुणाला गोंडी किंवा माडिया बोलणारा माणूस शेजारी असल्याशिवाय काहीच उमगत नाही. सुट्टी झालेला रुग्ण एसटीने सिरोंच्याला किंवा भामरागडला पोचेपर्यंत एक दिवस जातो. तिथून ‘गोळी कधी द्यायची’ हे विचारायला परत येता येत नाही.

शस्त्रक्रियेआधी आम्हाला एक गोष्ट सांगण्यात आली होती, ती शास्त्राच्या दृष्टीने पूर्ण खरी असली तरी तिने आमची दिशाभूलच झाली. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत, असे ते वाक्य होते. हे इतके खरे आहे की काही शस्त्रक्रियांत रुग्णाला जागे ठेवून, त्याच्याशी बोलत, मेंदूवर काम केले जाते. त्यावरून आम्ही असा निष्कर्ष काढला की ही शस्त्रक्रिया पोटाच्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी दुखत असणार. पूर्वी डॉक्टरांमध्येही असाच समज होता, असे मी नंतर वाचले. पण मेंदूपर्यंत पोचण्याआधी वाटेत जे जे कापावे लागते, म्हणजे डोक्याची कातडी, तिच्याखालचे स्नायू, हाडावरचे पातळ वेष्टण आणि मेंदूवरचे जाड आवरण, त्या सगळ्यांना वेदना चांगल्याच कळतात. चेहऱ्याची व मानेच्या वरच्या भागाची नसजाळी तिथे पसरलेली आहेत. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या २०१८ सालच्या वर्गीकरणात कवटी उघडल्यानंतरच्या डोकेदुखीला स्वतंत्र स्थान आहे. ती बहुधा पहिल्या सात दिवसांत सुरू होते, दोन-तृतीयांशपर्यंत रुग्णांना होऊ शकते, आणि तिच्यापैकी सुमारे चौथ्या हिश्श्याची डोकेदुखी तीन महिन्यांनंतरही टिकते, असे तिथे नोंदवले आहे. एवढी सर्रास होणारी गोष्ट आम्हाला आधी कुणी सांगितली असती, तर पहिल्या रात्री ‘गाठ राहिली की काय’ या धास्तीने आम्ही अर्धमेले झालो नसतो.

डॉक्टर वेदनाशामके हात आखडून का देतात, यालाही कारण आहे आणि ते न सांगता तक्रार करणे अन्यायाचे होईल. अतिदक्षता विभागात दर तासाला कुणीतरी येऊन पत्नीला नाव विचारी, आपण कुठे आहोत ते विचारी, बोटे दाबायला लावी आणि डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकून बाहुल्या पाही. कवटीच्या आत रक्तस्राव झाला किंवा सूज वाढली तर त्याची पहिली खूण म्हणजे रुग्ण सुस्तावतो आणि बाहुली बदलते. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनीही माणूस सुस्तावतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, उलट्या होतात, आणि श्वास मंदावला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून कवटीतला दाब आणखी चढतो. म्हणजे औषधाच्या पडद्याआड खरा धोका लपू शकतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांची वेगळी अडचण आहे, त्या रक्त गोठण्याच्या क्रियेत ढवळाढवळ करतात. राहते पॅरासिटामॉल, जे एकट्याने पुष्कळदा पुरे पडत नाही.

तथापि ‘सोसा थोडे’ हे त्यावर उत्तर नव्हे. वेदनेने रक्तदाब चढतो आणि शस्त्रक्रियेनंतर चढलेला रक्तदाब रक्तस्रावाला निमंत्रण देतो, तेव्हा वेदना आटोक्यात ठेवणे हा उपचाराचाच भाग ठरतो. शिवाय एक मध्यम मार्ग उपलब्ध आहे, त्याची सामान्य रुग्णाला कल्पनाही नसते. डोक्याच्या कातडीला जाणाऱ्या नसा ठरलेल्या जागांतून वर येतात. भुवईच्या वर, कानशिलावर, कानाच्या पुढे व मागे आणि मानेच्या वरच्या टोकाशी त्या सापडतात. तिथे बुपिव्हाकेनसारखे बधिर करणारे औषध टोचले की पहिले काही तास, म्हणजे जेव्हा ठणका सर्वांत जास्त असतो तेव्हा, डोके बधिर राहते आणि माणूस मात्र जागा, बोलता राहतो. हे काम भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेच्या सुरुवातीला किंवा शेवटी करतात. त्याला वेगळे यंत्र लागत नाही. प्रत्येकाला ते योग्यच असेल असे नाही, पण संमतिपत्रावर सही करण्याच्या वेळी “भूल उतरल्यावर वेदनेसाठी काय करणार आहात?” एवढा प्रश्न नातेवाइकांनी भूलतज्ज्ञांना अवश्य विचारावा. मी विचारला नव्हता. मी खोलीचे भाडे विचारले होते.

आता मोजण्याविषयी. आयुष्यभर साखळी आणि फळी घेऊन दुसऱ्यांची शेते मोजलेल्या माणसाला या विषयात थोडे बोलण्याचा हक्क असावा. तिसऱ्या दिवशी वॉर्डात परिचारिका आल्या आणि त्यांनी पत्नीला विचारले, “शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?” ही पद्धत जगभर वापरतात आणि ती चांगली आहे. पत्नी जरा विचार करून म्हणाली, “चार.” परिचारिकांनी लिहून घेतले व त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. मग पत्नी माझ्याकडे वळून कुजबुजली, “चार कसले? पण आठ म्हटलं तर त्यांना वाटेल, बाई नाटकं करून राहिली.” त्या ‘चार’वर तिला पुढचे सहा तास काही मिळाले नाही. आपल्याकडच्या बायका, त्यातही सासुरवाशीण म्हणून तीस-पस्तीस वर्षे घर सांभाळलेल्या, स्वतःच्या दुखण्याला नेहमी कमी गुण देतात. मोजणाऱ्याने हे धरून चालले पाहिजे.

घरी आल्यावर आम्ही दोघांनी आमची मोजपट्टी तयार केली. शंभर पानी वही घेतली आणि तारीख, वेळ, गोळी, दुखणे असे चार रकाने पाडले. आकडा लिहायचा नाही, काय जमते ते लिहायचे, असे तिनेच ठरवले. ‘कुकरची शिट्टी सोसते’ ही सर्वांत खालची पायरी, ‘डाव्या कुशीवर निजता येते’ ही त्याच्या वरची, ‘उजेड नको, पडदा ओढा’ ही तिसरी, आणि ‘बोलवत नाही’ ही शेवटची. पहिल्या आठवड्यात वहीत तिसरी आणि चौथी पायरीच दिसते. टाके निघाल्यावर कुकरची शिट्टी येऊ लागली. पुढे बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांनी “कसं आहे?” असे विचारले, तेव्हा “बरं आहे” या नेहमीच्या उत्तराऐवजी आम्ही वही पुढे केली आणि त्यांनी ती दोन-तीन मिनिटे खरोखर वाचली.

वहीमुळे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ‘दुखते’ या एका शब्दावर आपण सगळे भागवतो, पण मराठीत दुखण्याचे किती प्रकार आहेत! जखमेच्या रेषेवर ‘ठणका’ असे, तो दिवसागणिक उतरत गेला. टाळूपासून कपाळापर्यंत एखादवेळी ‘चमक’ निघे, वीज चमकावी तशी, आणि लगेच जाई; कापलेल्या नसेचे ते दुखणे, आणि त्यावर साधी वेदनाशामक गोळी फारशी लागू पडत नाही, त्यासाठी नसांची औषधे असतात, असे नंतर समजले. संध्याकाळी मान ताठरून डोके ‘जड’ होई, तो स्नायूंचा ताण. त्वचेला ‘मुंग्या’ येत, काही भाग बधिर, काही भाग नुसता हात लागला तरी ‘झोंबणारा’. आणि जखमेत ‘ठसठस’ होऊन ती गरम लागू लागली असती, तर तो जंतुसंसर्ग समजून लगेच दाखवायचे होते. यावरून घरी निदान करावे असे मी म्हणत नाही. पण बाईने ‘चमक’ म्हटले आणि कागदावर केवळ ‘हेडेक’ असे उतरले, तर डॉक्टरांच्या हाती असलेली एक खूण वाटेतच गळते.

सर्वांत अधिक हैराण केले ते जबड्याने. तीन आठवडे झाले तरी पत्नीला तोंड दोन बोटांपलीकडे उघडता येईना. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करूनही चावताना डाव्या कानशिलात कळ जायची. दाढ किडली असेल म्हणून मी तिला दंतवैद्याकडे घेऊन गेलो. त्यांनी दाढा पाहिल्या, मग कानशिलावरचा व्रण पाहिला आणि विचारले, “हे ऑपरेशन कधीचं?” कानशिलावर जो पंख्यासारखा स्नायू असतो तो चावण्याचा स्नायू आहे. त्या बाजूने कवटी उघडायची तर तो कापून खाली सारावा लागतो आणि नंतर परत बसवावा लागतो. तो जुळून येईपर्यंत घास चावताना दुखणार, जांभई देताना दुखणार, आणि रोज थोडे थोडे तोंड उघडण्याचा व्यायाम केला नाही तर जबडा आखडून बसणार, हे त्या भल्या माणसाने पाच मिनिटांत सांगितले व पैसे घेतले नाहीत. कानामागून शस्त्रक्रिया झालेल्यांना हाच अनुभव मानेच्या बाबतीत येतो म्हणतात. मुद्दा असा की कोठून कापले त्यावर काय दुखणार हे अवलंबून असते, आणि ते शस्त्रक्रिया करणाऱ्याला आधीच माहीत असते. एक ओळ लिहून दिली असती तर आमचा दंतवैद्य वाचला असता.

एसओएसचा धडा मिळाल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो, तेही सांगून टाकतो. टाके काढले त्या दिवशी डॉक्टरांनी तीन दिवसांसाठी ट्रॅमाडॉल हे अधिक तीव्र वेदनाशामक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिली. मी ती दिवसातून तीनदा देत होतो आणि आधीची ६५० ची गोळीही चारदा चालूच होती, कारण ती बंद करा असे कुणी म्हटले नव्हते. औषध दुकानदाराने नवीन पाकीट देताना सहज विचारले म्हणून बरे. काउंटरवरच बेरीज केली: एकत्र गोळीत पॅरासिटामॉल ३२५, म्हणून तीनदा ९७५, आणि ६५० चारदा २६००, एकूण ३५७५ मिलिग्रॅम. प्रौढ माणसाला २४ तासांत ४००० मिलिग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल देऊ नये, नाहीतर यकृताला अपाय होतो, आणि वजन ५० किलोच्या आत असेल तर मर्यादा आणखी खाली येते. माझ्या पत्नीचे वजन तेव्हा ४६ किलो होते. ताप, सर्दी, अंगदुखी यांच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल वेगवेगळ्या नावांनी दडलेले असते. ट्रॅमाडॉलचेही दोन गुण माहीत असावेत: फिट येण्याची शक्यता ते वाढवते, म्हणून ते स्वतःच्या मनाने घ्यायचे नाही, आणि त्याने बद्धकोष्ठता होते. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर शौचाला कुंथणे म्हणजे डोक्यातला दाब वाढवणे. आमच्याकडे दोन दिवस डोके दुखण्याचे खरे कारण पोटात होते, इसबगोलाने ते गेले.

आता ज्या दुखण्याला घरी थांबायचे नाही, त्याबद्दल. पत्नीच्या शेजारच्या खाटेवर बालाघाटकडचा एक तरुण होता. त्याला आमच्या आधी सुट्टी झाली. टाके काढायला आम्ही गेलो तेव्हा तो स्ट्रेचरवर परत आलेला दिसला. सहा दिवस ताप आणि डोकेदुखी, मान वाकवता येत नाही, आणि घरचे लोक गावातून आणलेली तापाची गोळी देत राहिलेले. मेंदूच्या आवरणांना जंतुसंसर्ग झाला होता. पुढे तो बरा झाला, पण त्याला महिनाभर राहावे लागले. आम्ही गोळी न देऊन चुकलो आणि ते देत राहून चुकले, कारण दोघांच्याही कागदावर साध्या आणि धोक्याच्या डोकेदुखीतला फरक लिहिलेला नव्हता. तो फरक फार मोठा ग्रंथ नाही. दुखणे दिवसेंदिवस उतरण्याऐवजी चढत असेल, पहाटे उठताच जोरात दुखून उलटी होत असेल, रुग्ण जास्त झोपाळू किंवा भ्रमिष्टासारखा वाटत असेल, ताप येऊन मान ताठ झाली असेल, जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव गळत असेल, आडवे असताना बरे वाटून उठून बसताच डोके फुटत असेल, फिट आली, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले किंवा दिसण्यात फरक पडला, तर गोळी शोधत बसायचे नाही, वाहन शोधायचे. सूज उतरवणारे डेक्सामेथासोनसारखे औषध ‘आता बरे वाटते’ म्हणून मध्येच एकदम बंद करणे हेही धोक्याचेच. ते ठरवून दिलेल्या पायऱ्यांनीच कमी करावे लागते.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात लिहितो. माझ्या आईचे वय ८३. ‘कवटी उघडली म्हणजे डोक्यात वारं भरलं’ असे तिचे ठाम मत होते आणि टाळूवर तेल थापून डोके फडक्याने आवळून बांधावे, असा तिचा आग्रह होता. शेजारच्या वहिनी सुंठ उगाळून घेऊन आल्या. माया सगळ्यांची खरी होती, पण ताज्या जखमेवर तेल, लेप आणि आवळलेले फडके यांतले काहीच नको, हे सांगताना सुनेला वाईटपणा घ्यावा लागला. तेच कागदावर छापलेले असते तर तिला तो घ्यावा लागला नसता. एवढे मात्र खरे की खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून डोक्याकडची बाजू उंच केल्याने आराम पडला. आवाजाचा त्रास कसा होतो ते धंतोलीत कळले. रुग्णालयाभोवतीचे शंभर मीटर सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केले असतील, तर २००० सालच्या नियमांप्रमाणे तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते. खिडकीखाली वाजणारे हॉर्न ऐकताना पत्नी प्रत्येक वेळी डोळे मिटून घेई.

तीन महिने उलटूनही कानशिलातल्या चमका गेल्या नाहीत. एप्रिलची उन्हे तापली आणि त्या वाढल्या, निदान आम्हाला तसे वाटले. पुन्हा वही कामास आली. एका महिन्यात १९ दिवस वेदनाशामक गोळी घेतल्याचे तिच्यात दिसत होते. महिन्यात १५ किंवा त्याहून अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, अशी सवय तीन महिन्यांहून जास्त चालली तर गोळीमुळेच डोके दुखू लागते, असे सांगून डॉक्टरांनी आम्हाला वेदना उपचार केंद्रात पाठवले. अशी केंद्रे बहुधा भूलतज्ज्ञ चालवतात. तिथे नसांसाठी रात्री घ्यायची कमी मात्रेची गोळी, व्रणाजवळच्या नसेत एक इंजेक्शन आणि जबड्याचे व्यायाम, असे उपचार झाले. दुखणे पूर्ण गेलेले नाही, पण आता ते कुकरच्या शिट्टीच्याही खाली आहे. हे केंद्र आमच्या घरापासून चार किलोमीटरवर होते, आणि आम्हाला ते चौथ्या महिन्यात कळले.

तीव्र वेदनेच्या औषधांबाबत कायद्याची भीती पुढे केली जाते, म्हणून एक खुलासा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणे रुग्णालयांना फार जिकिरीचे झाले होते, हे खरे. पण २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ही औषधे ठेवण्याची वाट सुकर करण्यात आली. ती ठेवायची की नाही आणि कोणाला द्यायची, हे डॉक्टरांनी रुग्ण पाहून ठरवावे. ‘सवय लागेल’ ही धास्ती मात्र दोन-तीन दिवस देखरेखीखाली दिलेल्या औषधाला लावू नये.

पत्र लांबले, याची जाणीव आहे. मागणी मात्र एका पानाची आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सुट्टी देताना प्रत्येक रुग्णालयाने इंग्रजी कागदासोबत मराठीत आणि गरजेप्रमाणे हिंदीत एक पान द्यावे. वेदनेची गोळी कोणती, किती तासांनी, २४ तासांत जास्तीत जास्त किती, किती दिवस, तिच्यासोबत काय घ्यायचे नाही, कापलेल्या जागेमुळे काय दुखणार आणि ते साधारण किती आठवडे, धोक्याच्या खुणा कोणत्या आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक, एवढेच त्यावर हवे. लघुरूपे नकोत. सुट्टीच्या दिवशी कुणीतरी ते वाचून दाखवावे, कारण सगळ्यांना वाचता येत नाही.

असा एक नमुना मी स्वतः लिहून काढला आहे. पुढच्या महिन्यात तपासणीला जाताना तो डॉक्टरांपुढे ठेवून त्यांच्याकडून दुरुस्त करून घेणार आहे, आणि ज्या रुग्णालयाला हवा असेल त्याला आपल्या कार्यालयामार्फत तो विनामूल्य पाठवीन. काल रात्री तो पत्नीला वाचायला दिला होता. ‘वेदना असह्य झाल्यास गोळी द्यावी’ असे मी लिहिले होते, त्यातला ‘असह्य’ हा शब्द तिने पेन्सिलीने खोडला आहे.

कळावे,

आपला एक वाचक
(निवृत्त भूकरमापक)
मानेवाडा, नागपूर